कडेचं दिसेनासं झालं तेव्हा

माझं वय चौतीस, उंची सहा फूट दोन इंच, आणि चौदा वर्षं बास्केटबॉल खेळणं हाच माझा धंदा होता. पण हे खेळाबद्दल नाही. शारजात मला जे झालं ते आधी कुणी नीट सांगितलं असतं तर मी निदान आठ महिने लवकर डॉक्टरकडे गेले असते. म्हणून लिहितेय.

मी सेंटर. म्हणजे संघातली सगळ्यात उंच मुलगी, बास्केटच्या खाली समोरच्याच्या अंगाला अंग भिडवून उभी राहणारी. बाबा इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. तेही सहा फुटांच्या वर. गल्लीत मला मनीषा कुणी म्हणत नसे, ‘शिडी’ म्हणायचे. ही शिडी पुढे बरीच फिरली. पुण्यात खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी, मग बँकॉकचा क्लब, मग मालदीवमधलं माले. लग्न झाल्यावर शारजा, कारण संदीप, माझा नवरा, दुबईत एका लॉजिस्टिक्स कंपनीत होता. लेकीच्या, ईराच्या, जन्मानंतर दोन वर्षं घरी. मग एक मोसम बैरूत, परत माले, आणि शेवटी घरापासून वीस मिनिटांवरचा शारजातला एक क्लब. इतकी वर्षं बॅगा भरल्यावर घराजवळचं कोर्ट मिळालं, याचंच मला अप्रूप होतं.

*

पहिला बॉल कानावर बसला तेव्हा मी हसले. आमची पॉइंट गार्ड जोआन, संघाला खेळवणारी बुटकी फिलिपिनो मुलगी, तिने उजवीकडून पास दिला होता आणि मला तो दिसलाच नाही. त्याच आठवड्यात असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा कोच रीमाने शिट्टी वाजवून प्रॅक्टिस थांबवली. रीमा लेबनॉनची, बैरूतला मी तिच्याच हाताखाली खेळले होते.

“यल्ला, चल, मनीषा! झोपलीस का?”

“सॉरी कोच.”

“सॉरी नको. जोआनने तुझं नाव घेऊन पास दिला. तू बघितलंसुद्धा नाहीस.”

जोआन जवळ येऊन हळूच म्हणाली, “सिस, मी तर तुझ्या बाजूलाच होते.”

मी दोघींवर चिडले. घरी जाताना स्वतःवर. तेहतीस वर्षांची सेंटर म्हणजे खेळात म्हातारीच, रिफ्लेक्स गेले असणार, असं मनाशी ठरवूनही टाकलं.

अशी कारणं द्यायला मी फार हुशार होते. डोकं दुखतं? एसी. पाळी सहा-सहा महिने येत नाही? जास्त ट्रेनिंग. आवाज जाड झालाय, घोरते? सर्दी जुनी आहे. लग्नातली अंगठी बोटात रुतली आणि सोनाराकडे जाऊन कापून काढावी लागली, तेव्हा म्हणाले, वजन वाढलं. शूज दोन वर्षांत दोनदा बदलले, तेव्हा म्हणाले, कंपनीचे साइज बदलतात. ईरा तेव्हा सात वर्षांची. आम्ही मराठीत बोलतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. एका संध्याकाळी होमवर्क करताना माझ्याकडे बघत म्हणाली, “मम्मा, व्हाय डू यू लुक अँग्री ऑल द टाइम?”

“मी कुठे रागावलेय गं?”

“नॉट यू. युअर फेस.”

मी आरशात बघितलं. रोज बघत होतेच. आणि रोज बघणाऱ्या माणसाला बदल दिसत नाही, हे मला आता कळतं.

*

मग तो ट्रक आला.

ईराला शाळेतून घेऊन येत होते. दुपारची वेळ, इंडस्ट्रियल एरियाच्या बाजूचा नेहमीचा जॅम. लेन बदलायची म्हणून मी डावीकडे बघितलं. रस्ता रिकामा होता. माझ्या डोळ्यांना तरी रिकामाच दिसला. स्टिअरिंग वळवलं आणि हॉर्न अगदी कानाशी वाजला. आमच्या काचेला लागून ट्रकचं अख्खं चाक. मी गाडी परत उजवीकडे ओढली, मागच्याने करकचून ब्रेक मारला. कुणाला खरचटलंही नाही. मागच्या सीटवर ईरा हमसून हमसून रडत होती.

इथे मी जे केलं ते सांगायची लाज वाटते. तिला आइस्क्रीम घेऊन दिलं आणि म्हणाले, “पप्पांना सांगू नको हं. त्यांना उगाच टेन्शन येईल.”

जेवताना तिने सांगितलंच. “पप्पा, मम्मा डिडन्ट सी द ट्रक. इट वॉज सो बिग अँड शी डिडन्ट सी इट.”

संदीप आवाज चढवणारा माणूस नाही. त्याने ताट बाजूला सारलं, ईराला आत पाठवलं.

“कितव्यांदा?”

“काय कितव्यांदा?”

“पार्किंगमध्ये खांबाला गाडी घासलीस. मॉलमध्ये त्या म्हाताऱ्या बाईला धडकलीस. आता हे. आणि वर लेकीला लपवायला शिकवतेस?”

“मला नव्हतं...”

“तुला घाबरायचं असेल तर घाबर, मनीषा. पण गाडीत ती होती.”

उठून त्याने माझ्या गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. मला इतका राग आला की मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात गेले, तेही त्याला चूक ठरवायला.

*

दुकानातला माणूस केरळचा, पन्नाशीचा. समोरची अक्षरं मी शेवटच्या ओळीपर्यंत खडाखडा वाचली. त्याने चष्म्याच्या काचा बाजूला ठेवल्या. मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसला, ‘माझ्या नाकाकडे बघा’ म्हणाला आणि दोन्ही हात बाजूंना पसरले.

“बोटं हलली की सांगा.”

मी वाट बघत बसले. “हलवा ना,” म्हणाले.

“मॅडम, मी केव्हाचा हलवतोय.”

हात हळूहळू आत आणले तशी बोटं अचानक कुठूनतरी उगवली, दोन्हीकडून. त्याने हात खाली घेतले. “नो ग्लासेस. यू गो हॉस्पिटल. टुमॉरो नहीं, टुडे.” त्याने माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. तेव्हा मला खरी भीती वाटली.

*

पुढचे चार दिवस तपासण्या. एका यंत्रात डोकं घालून बसायचं, बारीक दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मला वाटलं बरीच बटणं दाबली. कागद बाहेर आला तर दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजू काळ्या. एमआरआय झाला. मग डॉक्टर नादिया, हॉर्मोनच्या डॉक्टर, इजिप्तच्या, पांढरे केस, इंग्लिश सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि आधी माझा हात हातात घेतला, आई घेते तसा. तळवा उलटसुलट करून बघितला.

“शूजचा नंबर?”

“शेहेचाळीस.”

“पाच वर्षांपूर्वी?”

क्लबच्या किटचा फॉर्म मी दर मोसमाला भरते, त्यामुळे आठवायला अवघड नव्हतं. बँकॉकला त्रेचाळीस. बैरूतला चव्वेचाळीस. मालेला दुसऱ्या खेपेला पंचेचाळीस. बोलता बोलता माझी मीच थांबले.

“जुने फोटो आहेत?”

खेळाडूकडे दुसरं काय असतं? सोबत आलेल्या संदीपच्या फोनमधून एकेका संघाचा फोटो काढला आणि डॉक्टरांच्या टॅबवर ओळीने लावला. पुण्यातली मी, लांबट चेहऱ्याची, दातांत फटी नसलेली. बँकॉक, तशीच. बैरूत, ट्रॉफी धरलेली, कपाळाचं हाड जरा पुढे. माले, नाक रुंद, जबडा जड. मग शारजा. ते फोटो मी शंभरदा बघितले असतील, पण सगळे एकत्र, एका ओळीत कधीच नाही. संदीपने माझा खांदा पकडला.

नादियाबाईंनी सांगितलं ते असं. नाकाच्या मागे, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यावर गाठ आली होती. ती गाठ वाढीचं हॉर्मोन सोडत होती, गरज नसताना, वर्षानुवर्षं. त्यामुळे हात, पाय, चेहरा. आणि आता ती मोठी होऊन डोळ्यांच्या नसांना खालून दाबत होती. कॅन्सर नाही. पण काढावी लागेल, आणि लवकर, नाहीतर नजर जाईल.

मी एकच प्रश्न विचारला, आणि तो नजरेबद्दल नव्हता. “डॉक्टर, मग माझी उंची? तीही या गाठीमुळेच?”

कारण तसं असेल तर माझं काय उरत होतं?

“सहा फूट दोन कधी झालात?”

“सतराव्या वर्षी.”

“वडील?”

“सहा-तीन.”

“मग ती उंची वडिलांची. ही गाठ फार नंतर आली. हाडांची टोकं जुळल्यावर माणूस उंच होत नाही, नुसता रुंद होतो.”

मी पुढे विचारलं, “काही खेळाडू हेच हॉर्मोन चोरून टोचून घेतात. मला आपोआप मिळालं. बैरूतचा माझा सगळ्यात चांगला मोसम...”

त्यांनी मला थांबवलं. “गुडघे दुखतात? सकाळी उठल्यावर थकवा असतो? झोप मोडते? या गाठीने तुम्हाला काही दिलं नाही. घेतलंच. तुम्ही ती असूनही खेळलात.”

मी तिथे पहिल्यांदा रडले.

*

ऑपरेशनला बारा दिवस होते. लीगची पहिली मॅच आठ दिवसांवर. मी क्लबला काहीच सांगितलं नव्हतं. नादियाबाईंनी बजावलं होतं की डोक्याला मार बसला तर गाठीत रक्तस्राव होऊ शकतो आणि मग तासाभरात नजर जाऊ शकते. सेंटरच्या डोक्याला कोपर लागत नाही अशी मॅचच नसते. हे सगळं कळत होतं. तरी मी हिशेब मांडत होते, फक्त एक मॅच, फक्त पंधरा मिनिटं. मला वाटत होतं की मी एकदा कोर्टाबाहेर गेले की परत आत येणार नाही.

त्या गुरुवारी प्रॅक्टिसला जायला मी बॅग भरली आणि टॅक्सी बोलावली. संदीप दारात उभा राहिला. मला वाटलं भांडेल. मीही भांडायच्या तयारीत होते.

“जा,” तो म्हणाला. “फक्त मला एवढं सांग, काही झालं तर ईराला काय सांगू? आईला माहीत होतं की नव्हतं?”

टॅक्सीवाला खालून दोनदा फोन करून गेला. मी चपलांच्या कपाटाजवळ जमिनीवर बसले आणि तिथूनच रीमाला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून कोर्टवर बॉल आपटल्याचे आवाज येत होते.

“कोच?”

“हे तुला कधी कळलं?”

“पाच दिवस झाले.”

“आणि काल तू माझ्या कोर्टवर उड्या मारत होतीस.” रीमा म्हणाली. “खलास, मनीषा. बॅग खाली ठेव. तुझ्या जागी मी कुणालाही उभी करीन. डोळे कुठून आणू?”

*

आई व्हिजिट व्हिसावर आली. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली होती. बॅगेत मेतकूट, भडंग आणि देवीचा अंगारा. माझा चेहरा बघितला आणि स्वयंपाकघरात जाऊन संदीपला विचारू लागली, “माझ्याकडनं काही कमी पडलं का हो जावईबापू? लहानपणी दूध लई प्यायची. मीच देत होते.” तो म्हणाला, “आई, दुधानं असं होत नाही.” तिला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दाखल झाले. पलंग मला पुरला नाही, कुठल्याच देशात पुरत नाही. जिन्सी नावाच्या नर्सने पायाशी खुर्ची ठेवून तिच्यावर उशी लावली. “अभी ठीक है, मॅडम? फाइव्ह स्टार.” संमतीच्या कागदावर सर्जनने एकेक धोका वाचून दाखवला: नजर, रक्तवाहिनी, मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळणं. मी सही केली. ईराचा निरोप निघताना घरीच घेतला होता. तिने एवढंच विचारलं, “विल दे ओपन युअर हेड?”

“नाही गं, नाकातून जाणार आहेत.”

“ईऽऽ! दॅट्स डिस्गस्टिंग.” आणि आम्ही दोघी हसलो. बरं झालं हसलो.

*

शुद्धीवर आले तेव्हा नाकात बोळे, तोंड कोरडं, मांडीवर पट्टी. गाठ काढल्यावर उरलेलं भोक बुजवायला तिथली थोडी चरबी घेतली होती. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. किती वाजले ते बघत होते आणि त्याच वेळी डावीकडे निळा शर्ट दिसला. मी मान वळवली नव्हती. पुन्हा घड्याळाकडे बघितलं. निळा शर्ट तिथेच.

“संदीप,” मी तोंडाने श्वास घेत म्हणाले, “तू मला कडेने दिसतोयस.”

 शर्ट हलला आणि जवळ आला.

उजवीकडे मात्र तसं झालं नाही. तिथे अजून धुकंच होतं.

आयसीयूतले दिवस म्हणजे नियम. शिंकायचं नाही, आलीच शिंक तर तोंड उघडं ठेवून. नाक शिंकरायचं नाही. वाकायचं नाही. स्ट्रॉने प्यायचं नाही. किती प्याले आणि किती लघवी झाली हे तासातासाला मोजून लिहायचं. तहान अशी की ओठ फुटले. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, बोळे काढल्यावर, उजव्या नाकपुडीतून पाण्यासारखा एक थेंब ओठावर आला. चव खारट.

जिन्सीचा चेहरा पडला. “मॅडम, हिलना नहीं.” तिने थेंब बारीक बाटलीत धरला. सर्जन आले. ते पाणी मेंदूचं असेल तर पाठीत नळी घालून काही दिवस सपाट पडून राहायचं, कदाचित पुन्हा ऑपरेशन, आणि इन्फेक्शनचं भय. रिपोर्टला दीड दिवस लागेल. दीड दिवस मी छताकडे बघत पडले. प्रत्येक गिळण्याला वाटायचं, आता आणखी आलं. आई खुर्चीत बसून देवीचं नाव पुटपुटत होती. संदीप बाहेर कॉरिडॉरमध्ये तिच्यावर खेकसला, “बास करा ना आई ते!” आणि मग तोच जाऊन तिच्यासाठी चहा घेऊन आला. नंतर खूप महिन्यांनी त्याने सांगितलं की त्या दुपारी तो पार्किंगमध्ये गाडीत बसून तासभर रडला होता.

रिपोर्ट आला. ते मेंदूचं पाणी नव्हतं, नाकाचंच होतं. सर्जन “अलहमदुलिल्ला” म्हणाले, आईने हात जोडले. जिन्सीने माझ्या पायाखालची उशी उगाचच सरळ केली.

*

सगळं छान झालं असं लिहायला मला आवडलं असतं. तीन महिन्यांनी तपासणी झाली. रक्तवाहिनीला चिकटलेला गाठीचा एक तुकडा तसाच ठेवावा लागला होता, त्यामुळे हॉर्मोन खाली आलं पण नॉर्मलला नाही. महिन्याला एक इंजेक्शन, जाड सुईचं. त्यानंतर दोन दिवस पोट बिघडतं. पाळी परत आली. सूज उतरली, चेहरा थोडा हलका झाला, पण हाडं वाढली ती वाढली. जबडा हाच राहणार. डावी नजर पूर्ण आली. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात एक काळा तुकडा राहिला.

सात महिन्यांनी खेळायची परवानगी मिळाली. डॉक्टर म्हणाल्या, “खेळू शकता. कसं दिसतंय ते तुम्हीच ठरवा.” मी जोआनला रिकाम्या कोर्टवर बोलावलं. “उजवीकडून, वरून, दहा पास दे. दया दाखवायची नाही.”

तिने दाखवली नाही. मी सात पकडले. तीन माझ्यापर्यंत पोचल्यावरच मला कळले.

“सात चांगले आहेत, सिस,” ती म्हणाली.

लोकांना चांगलेच दिसले असते. पण ते तीन कुठून आले हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मॅचमध्ये बॉल एकटा येत नाही, त्याच्या मागे कुणाचं तरी कोपर असतं. मी रीमाला त्याच संध्याकाळी सांगितलं की मी करार करत नाही. तिने समजूत घातली नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे. आता आठवड्यातून तीन दिवस मी तिच्याकडे लहान मुलींना बास्केटखाली उभं राहायला शिकवते. काही दिवशी ते पुरेसं वाटतं. काही दिवशी घरी येऊन मी कुणाशी बोलत नाही. गाडी अजून संदीपच चालवतो.

*

मागच्या महिन्यात इंजेक्शनसाठी बसले होते. रिसेप्शनवरची मुलगी येऊन म्हणाली, “मॅडम, यू स्पीक मराठी, नो? उनको थोडा समझा दो, प्लीज.”

कोपऱ्यात एक माणूस बसला होता. चाळिशीचा, कंपनीचा निळा शर्ट, सेफ्टी शूजच्या नाड्या सोडून शूज उघडे ठेवलेले. हात मी लांबूनच ओळखले. नाव दत्ताराम, मूळ लांज्याचा. दुबईत मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात राहतो, उंच इमारतींना परांच्या बांधायचं काम. एमआरआयचं पाकीट त्याने छातीशी धरलं होतं, उघडलं नव्हतं.

“ताई, तुम्हाला पण हेच?”

“हेच.”

“कधीपासून दिसत नव्हतं?”

“आठ महिने तरी. तुम्हाला?”

त्याने आजूबाजूला बघितलं. “वर्ष होईल. कुणाला बोललो नाय. बोललो तर वर चढू देणार नाय, आणि घरी पाठवतील. मागच्या आठवड्यात पाइप आहे समजून पाय ठेवला. पाइप नव्हता. बेल्ट होता म्हणून...” तो थांबला. “बायकोला अजून सांगितलं नाय.”

मला चपलांच्या कपाटाजवळ बसलेली मी आठवले. पण ते त्याला सांगायची ही वेळ नव्हती.

“ऑपरेशन दुखतं काय?”

“दुखण्यापेक्षा तहान फार लागते. आणि शिंकायचं नाही.”

तो किंचित हसला, मग लगेच गंभीर झाला. “ताई, खरं सांगा. परत दिसेल ना?”

मला माहीत होतं की ‘हो’ म्हटलं तर त्याला आत जाणं सोपं होईल.

“माझं बरंचसं परत आलं,” मी म्हणाले. “सगळं नाही आलं. तुमचं किती येईल ते कुणीच आज सांगू शकत नाही. पण थांबलात तर आहे तेही जाईल, हे नक्की.”

त्याने मान हलवली.  मग फोन काढला, बायकोचा नंबर लावला आणि माझ्याकडे पाठ न करता म्हणाला, “गो, ऐक. मी हॉस्पिटलात आहे. नाय, नाय, पडलो नाय. आधी ऐक तरी.”

बोलणं चालू असतानाच नर्सने त्याचं नाव पुकारलं. त्याने फोन खाली केला, पाकीट उचललं आणि विचारलं, “ताई, आत येता काय? डॉक्टर इंग्लिशमध्ये बोलतात. मला एकट्याला नीट समजायचं नाय.”

माझा नंबर त्याच्यानंतरच होता. मी उठून त्याच्या उजव्या बाजूने चालायला लागले, म्हणजे तो माझ्या डाव्या, धड नजरेत राहील, दाराशी पोचल्यावर “डावीकडे चौकट आहे” म्हणून सांगितलं, आणि आम्ही आत गेलो.